आकाशपाळण्यातल्या जागा

“माले ह्या घरना समदा लोकेस्ले एकदाव वरथीन देखनं शे.”

या घरातल्या सगळ्यांना एकदा वरून पाहायचं आहे, असं अनुसयाबाई एकदाच बोलली, आणि तेही कापसाच्या ढिगाकडे तोंड करून. ढिगापलीकडे तिचा नवरा रूपचंद सरकी चाचपत बसला होता. त्यानं ऐकलं, आणि ऐकलं नाही असं दाखवलं. या दुसऱ्या कामात त्याचा हात धरणारा कळसाडीत कोणी नव्हता.

पितांबर पाटलाच्या घरात ती चौदाव्या वर्षी धाकटी सून म्हणून आली. एकसष्ट साली त्या गोष्टीला एकवीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत तिनं सासऱ्याचं आणि जेठाचं, म्हणजे थोरल्या दिराचं, तोंड नीट पाहिलं नव्हतं. पाय पाहिले होते. कपाळाखाली ओढलेल्या पदरातून जमिनीचा हातभर तुकडा दिसतो, आणि त्या तुकड्यात जे येईल तेच सुनेचं जग. पितांबर पाटलाच्या टाचांना उन्हाळ्यातल्या काळ्या जमिनीसारख्या भेगा होत्या. चुनीलालच्या, थोरल्या दिराच्या, डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसलेली होती. पाय रागात कसे पडतात, जेवून उठल्यावर कसे पडतात, खोटं बोलून आल्यावर कसे पडतात, हे तिला कळत असे. माणसाचा तिरस्कार करायला तेवढं पुरतं.

तापीकाठच्या गुजर घरांत तेव्हा सुनेनं वडीलधाऱ्यांसमोर खाटेवर बसायचं नसे. पितांबर पाटलानं हा नियम आणखी वर नेला होता. तो घरात असताना सुनेनं त्याच्यापेक्षा उंच जागी असायचं नाही. शिडी नाही, माळा नाही, मातीचं सपाट धाबं तर नाहीच. पापड आणि मिरच्या वाळवायच्या त्या धाब्यावर, म्हणून म्हातारा केळीत गेला की वर चढायचं आणि तो परतायच्या आत खाली यायचं. एकदा तो पोट दुखतं म्हणून अर्ध्या वाटेतून परत आला. अनुसयाबाई धाब्यावर होती. म्हातारा ओट्यावर बसला आणि दुपारभर उठला नाही. पोट दुखायचं कधीच थांबलं होतं. ती वर, चैत्राच्या उन्हात, पापडांच्या रांगांमध्ये. तिन्हीसांजेला तो गुरांकडे गेला तेव्हा ती उतरली. पायांच्या तळव्यांना फोड आले होते. त्याबद्दल घरात कोणी बोललं नाही, कारण कोणाची चूक झाली असं कोणालाच वाटलं नाही.

सासऱ्याशी थेट बोलायचं नसे. भिंतीशी बोलायचं. ती म्हणायची, भिंतले सांगस, मीठ सरलं. म्हातारा म्हणायचा, भिंतले सांग, बाजारना दिन लई येसूत. अशी एकवीस वर्षं ती भिंत दोघांचं ऐकत होती. दोघांपैकी एकानंही तिच्यामार्फत कधी चांगला शब्द पाठवला नाही.

तिचं माहेर निझरकडे. साठ साली राज्यं वेगळी झाली तेव्हा ते गाव गुजरातेत गेलं. तिथल्या शाळेत ती चार इयत्ता गुजराती शिकली होती, आणि कळसाडीच्या घरात ती अक्षरं वाचणारं दुसरं कोणी नव्हतं. मराठी तिनं इथं येऊन, किराण्याच्या पुड्यांचे कागद जोडत, स्वतःच उचललं. या गोष्टीचं कौतुक कोणी केलं नाही. मोठी जाऊ तापीबाई म्हणायची, “कागद देखीसन भाकर फुगत नई.”

तिला वरून पाहायचं वेड कुठून लागलं, ते सांगता येतं. कापूस वेचायला डोंगरातून माणसं उतरत. त्यांत तोरणमाळच्या बाजूची रमिलाबाई दरवर्षी येई. पावरी बोलणारी, हाडाची काटक, हसताना तोंडावर हात न धरणारी बाई. एका दुपारी बांधावर पाणी पिता पिता अनुसयाबाईनं तिला विचारलं, तुझ्या डोंगरावरून आमचं गाव दिसतं का?

“नदी दिसते,” रमिलाबाई म्हणाली. “दोऱ्यासारखी.”

“आनि गाव?”

“गाव कुठं? धुळीचा डाग दिसतो. तेवढाच.”

“मानसं?”

रमिलाबाई हसली. “माणसं कशी दिसतील, बाय? एवढी एवढीशी तर असतात.”

तेवढ्यात बांधावरून तापीबाईचा आवाज आला. “गप्पा मारी ऱ्हायन्यात का कापूस येची ऱ्हायन्यात?” दोघी उठल्या. पण माणसं वरून दिसतसुद्धा नाहीत, ही गोष्ट अनुसयाबाईच्या आत जाऊन बसली होती. कुसळ बसतं तशी. काढायला गेलं की आणखी आत जाणारी.

त्याच कार्तिकात रूपचंद नंदुरबारला कापूस घालून आला आणि व्यापाऱ्याच्या पेढीवरून एक रंगीत पुस्तक घेऊन आला. सुरतेला, तापीच्या काठी, थंडीचे तीन महिने मोठं प्रदर्शन भरणार होतं. नुसतं बघून परतायचं प्रदर्शन नव्हे. कुटुंबानं चार दिवस राहायचं, तंबूत खाटा, रात्री विजेचे दिवे, मुलांना छोटी आगगाडी, आरशांचं घर, नावा, आणि शेवटच्या पानावर, अख्खं पान भरून, आकाशपाळणा. प्रत्येक पाळण्यात चौघं. तंबू घेणाऱ्या कुटुंबाला एक फेरी मिळणार होती, मात्र कोण कोणत्या पाळण्यात बसणार त्यांची नावं तंबूच्या अर्जातच भरून पाठवायची होती, म्हणजे तिथं गर्दी नको. पुस्तक गुजरातीत होतं. अर्जही.

तिनं ते पुस्तक पिठाच्या डब्यामागे ठेवलं आणि महिनाभर एका घराला फिरवायचं काम हातात घेतलं.

एकटीनं जाणं अशक्य. नवऱ्याबरोबर दोघांनीच जाणं त्याहून अशक्य. गेलं तर सगळं घर जाईल, आणि घर म्हणजे बारा माणसं: सासरा, चुनीलाल आणि तापीबाई, त्यांची चार मुलं, रूपचंद आणि ती, त्यांची तीन. या बारांपैकी एकालाही तिच्या आनंदासाठी उंबरठा ओलांडायचा नव्हता. म्हणून तिनं प्रत्येकाला त्याचा त्याचा हावरेपणा काढून दिला.

चुनीलालला पाण्याच्या इंजिनांचं वेड होतं. रूपचंदच्या तोंडून त्याच्या कानावर गेलं की तिथं वीस तऱ्हेची इंजिनं चालू करून दाखवतात. चुनीलाल दोन दिवस गप्प राहिला, तिसऱ्या दिवशी म्हणाला, “घोडाभर ताकदनं बी शे का, इचार.” तापीबाईसाठी तिनं साड्यांच्या दुकानाचं पान उघडं ठेवून दिलं, चुकून राहिल्यासारखं, चुलीजवळ. तापीबाईला वाचता येत नव्हतं. जरीचे काठ दिसत होते.

म्हातारा अवघड होता. पंढरी नको, काशी नको, सुरत कशाला? त्याला देवाचीही गरज उरली नव्हती. तिनं पुस्तक चाळून चाळून त्याच्या मापाचं आमिष शोधलं आणि संध्याकाळी पाणी ठेवताना भिंतीला सांगितलं, तिथं पुठ्ठ्याचं विमान आहे, त्यात बसून फोटो काढून देतात.



“हवाई जहाजमा?” म्हातारा म्हणाला. “मी बठेल दिसू?”

“भिंतले सांगस, वर ढग बी दिसतस.”

“पगडी ऱ्हाई का डोक्यावर? का उडी जाई?”

“पुठ्ठानं शे. जागवरच ऱ्हास.”

दुसऱ्या दिवशी पितांबर पाटील ओट्यावर येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत होता की सुरतेला जायचं त्याच्या कधीपासून मनात होतं.

मग ती आखणीला लागली. तिच्यासारखी आखणी त्या पंचक्रोशीत कोणी केली नसेल. संक्रांतीनंतरचे चार दिवस तिनं धरले, कारण कापसाची दुसरी वेचणी तोवर उरकते आणि गुऱ्हाळ अजून पेटलेलं नसतं. केळीला पाणी कोणी द्यायचं, गाईची धार कोणी काढायची, हे ठरवलं. प्रकाशा गावाजवळ तापी ओलांडायला दोन दमण्या, कोणत्या बैलांची कोणती जोडी. नंदुरबार स्टेशनवर किती वाजता. गाडीत खिडकीपाशी कोण, म्हणजे भांडण होणार नाही. दोन तंबू, एकात पुरुष, एकात बायका, आणि बायकांच्या तंबूचं तोंड पुरुषांच्या तंबूकडे पाठ करून. दशम्या किती, शेव किती, पहिल्या दिवसाचं लोणचं वेगळं. म्हातारा नळाचं पाणी पीत नसे, म्हणून विहिरीच्या पाण्याच्या दोन कळशा, तोंडाला फडकं बांधून. सगळं तिनं मराठीत वहीच्या पानांवर लिहून काढलं, म्हणजे रूपचंदला बैठकीत वाचता येईल. सगळ्यांना सोबत घेऊन चालणारी बाई, असं कोणालाही वाटावं. खरं म्हणजे माणूस सापळा लावताना जेवढा काटेकोर असतो तेवढी ती काटेकोर होती.

आणि त्यातच चूक झाली. ती मूर्ख नव्हती. तिला पाळण्याचं सगळं समजलं होतं. तिथं पोचल्यावर, गर्दीत, दिव्यांच्या झगमगाटात, ती नवऱ्यामागून चढून बसली असती आणि कोणाला कळायच्या आत वर गेली असती. पण एकवीस वर्षं तिनं या घरात काहीही न विचारता, न सांगता केलं नव्हतं. अर्जात नावं मागितली होती, म्हणून तिनं जागांची यादी केली, आणि यादी केली म्हणून ती बाकीच्या पानांबरोबर बैठकीत वाचायला दिली. सुनेच्या सवयीनं सुनेला पकडून दिलं.

अर्ज टपालात टाकायच्या दिवशी दुपारी बैठक बसली. म्हातारा झोपाळ्यावर, चुनीलाल खाटेवर, तापीबाई झोपाळ्याच्या मागच्या खांबाशी पदर ओढून. अनुसयाबाई दाराआड जमिनीवर, पुढ्यात अर्ज आणि पेन. रूपचंद वाचत होता. दमण्यांना मान डोलली. लोणच्याला मान डोलली. कळशांचं ऐकून म्हातारा “हा” म्हणाला, आणि त्या घरात हे फार झालं.

“आकाशपाळणा,” रूपचंदनं वाचलं. “पहिला पाळणा. आबा, भाऊ, भाऊना दोन्ही आंडोर. दुसरा पाळणा. मोठ्या बाई आनि तिन्ही पोरी. तिसरा पाळणा. मी, हाई, आनि दोन्ही धाकला.”

‘आंडोर’ म्हणजे मुलगे. ‘हाई’ म्हणजे बायको. तिचं नाव त्यानं आयुष्यात उच्चारलं नव्हतं.

“पुढे,” म्हातारा म्हणाला.

रूपचंदनं पान उलटलं. तेवढ्यात तापीबाई खांबामागून बोलली. “पन हाऊ पायना फिरस कसा, ते तरी सांगा. माले चक्कर येस.”

रूपचंदनं हातानं हवेत गोल काढला. “रहाटनी गत. उभा फिरस.”

झोपाळा थांबला. म्हाताऱ्यानं पाय जमिनीला टेकवला होता.

“रहाटनी गत?”

“हा, आबा.”

“म्हनजे खालनं गाडगं वर जास.”

“जास.”

“आनि वरनं खाले येस.”

“येस ना. तीच तर गंमत शे.”

म्हाताऱ्यानं रहाट आयुष्यभर पाहिला होता. त्याला डोळे मिटूनही एकेक गाडगं मोजता आलं असतं. त्यानं मोजलं. पहिलं, दुसरं, तिसरं.

“म्हनजे,” तो सावकाश म्हणाला, “धाकली सून मन्हा डोकावरथीन जाई.”

मग चुनीलाल हसला. नाकातून, थोडंसं. “मन्हा बी.”

“पाय खाले लटकेल ऱ्हातीन तिन्हा,” तापीबाई म्हणाली. तीही सून होती. तिचाही पाळणा म्हाताऱ्याच्या डोक्यावरून जाणार होता. पण तिला ते आधी सुचलं, आणि सुचताच ती उरलेल्या माणसांच्या बाजूला गेली. “माले तर आते पायनामा बठनंच नई. चक्कर येस. मी तंबूमा ऱ्हासू. पन खाले चपला संभाळाले कोनी तरी लागी ना? पोरेस्ना, आबास्ना.”

सगळ्यांना एकदम हलकं वाटलं. किती सोपं होतं. पाळणा राहिला, सुरत राहिली, विमान राहिलं. एक जागा तेवढी मोकळी झाली.

“चपलांपाशी ती,” चुनीलाल म्हणाला. “बराबर शे.”

दाराआडून आवाज आला. तो सुनेचा आवाज असल्यामुळे कोणी त्या बाजूला पाहिलं नाही.

“भिंतले सांगस. आबा पहिले बठतीन. मंग फोटू काढतीन. मंग तंबूमा जाईसन आराम करतीन. ते तठे नई ऱ्हातीन, तव्हय मी बठसू. एक फेरा.”

तिनं हा तोडगा त्या क्षणी काढला होता, आणि त्यात खोट नव्हती. म्हातारा तंबूत गेला तर ती त्याच्या डोक्यावर नव्हे, नुसत्या हवेत असणार होती. नियम शाबूत राहत होता. चुनीलालनंही मान वळवून बापाकडे पाहिलं, कारण हिशेब पटण्यासारखा होता.

म्हातारा भिंतीकडे पाहत राहिला. त्याला नियम वाचवायचा नव्हता. नियम त्याला वाचवत होता, एवढंच.

“सून वर फिरी, आनि सासरा तंबूमा दडी बठी?” तो म्हणाला. “भिंतले सांगी दे, हाई व्हनार नई. ती खाले ऱ्हाई. चपलांपाशी.”

“आबा, एक फेरा...” रूपचंदनं सुरुवात केली.

“तू बी खाले ऱ्हास का?”

रूपचंदनं पानाची घडी केली. मग दाराकडे वाकून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा कुजबुजीत म्हणाला, “आयकी ले. तू खाले उभी ऱ्हाय. आम्ही वरथीन हात हालाडसूत ना तुले.”

चांगल्या मनानं बोलला तो. त्या दुपारी त्या घरात बोललेलं सगळ्यात क्रूर वाक्य तेच होतं.

दाराआडून पेन कागदावर चालल्याचा आवाज आला. म्हातारा परत झोके घेऊ लागला. चुनीलाल इंजिनांविषयी बोलू लागला. तापीबाईनं विचारलं, जरीचा धागा खरा आहे की खोटा ते कसं ओळखायचं. काम चाललं होतं, आणि ती करत होती. जग जागेवर होतं.

अर्ज दाराच्या फटीतून रूपचंदच्या हातात आला. त्यानं तो उलटासुलटा पाहिला. सगळी गुजराती अक्षरं, डोक्यावर रेघ नसलेली, बोडकी. तापीबाई उठून जवळ आली. तिला कोणतीच अक्षरं येत नव्हती, पण तिनं आयुष्यभर भाकरी मोजल्या होत्या. ओळींवरून बोट खाली खाली नेत ती थांबली.

“अकरा,” ती म्हणाली.

“काय अकरा?”

“नावे. अकराच शेतस. आपन बारा.”

“पायनामा अकराच बठतीन,” चुनीलाल म्हणाला. “तू बठत नई म्हननी, मंग दहाच.”

“पायनानं नई. हाई तंबूनं पान शे, वरे चित्र देखा ना.” वर दोन तंबू छापलेले होते. “तंबूमा अकरा. ती कोठे शे?”

हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं. तिच्याशिवाय सुरतेच्या स्टेशनवर पाट्या कोण वाचणार. तंबू कोणता ते कोण विचारणार. फडकं बांधलेल्या कळशा कोण उचलणार, आणि नळाचं पाणी त्यांत कोणी मिसळणार नाही हे कोण बघणार. दाव्याला जसं गुरू, तशी ती सगळी सहल तिच्या हाताला बांधलेली होती, आणि दाव्याचं टोक तिनं हातातून सोडलं होतं.

“भिंतले सांग,” म्हातारा म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज भिंतीपर्यंत नीट पोचला नाही. “बारावं नाव लिख म्हना.”

उत्तर नाही.

“लिख म्हना. ती येनार शे. आम्ही काय नको म्हनी ऱ्हायनूत का? फक्त पायनामा बठू नको.”

“बहिरी व्हयनी का?” तापीबाई म्हणाली. “ए! आबा बोली ऱ्हायनात!”

रूपचंदनं अर्ज दाराच्या फटीतून परत आत सरकवला. कागद जमिनीवर पडून राहिला.

“आनि आम्ही तठे खासूत काय?” चुनीलाल ओरडला. आता तो खाटेवरून उठला होता. “इतला दिन आखीसन आते घरमा बठी ती? मन्ही इंजिनं? आबास्नं जहाज?”

म्हातारा झोपाळ्यावरून उठला नाही. “लिखी,” तो म्हणाला. “जाई कोठे.”

दाराआड पेनला टोपण बसल्याचा आवाज आला. मग लुगड्याची सळसळ. दार उघडलं, आणि अनुसयाबाई बैठकीत आली, जिथून एकवीस वर्षांत पुरुष बसलेले असताना कुठलीच बाई आडवी गेली नव्हती. पदर कपाळाखाली होता तसाच होता. ती खाट आणि झोपाळा यांच्यामधून चालत गेली. चुनीलालला मागे सरकावं लागलं. रूपचंद म्हणाला, “अवं...” ओटा उतरून ती गल्लीत आली, धाब्याची शिडी चढली, आणि म्हातारा घरात असताना त्याच्या डोक्यावर जाऊन उभी राहिली.